पाहुण्याला काय दिसावं

सोमवार, ३ नोव्हेंबर

गुरुजी कविता शिकवताना लाकडी पट्टीने टेबलावर ठेका धरायचे. टक् टक्, मध्ये एक दम, पुन्हा टक्. सगळा वर्ग त्या ठेक्यावर डुलत म्हणायचा आणि अर्थ कुणालाच कळलेला नसायचा. आज सकाळी ऑफिसच्या मागच्या हॉलचं दार उघडलं आणि तोच ठेका कानावर आला. पंखे घोंघावत होते, त्यातल्या एकाचं पातं जाळीला घासत होतं, एवढंच. पण मी दारातच मान डोलवत उभा राहिलो. इंजिनिअर बाईंनी विचारलं, काका, चक्कर येतेय का? म्हटलं, नाही हो, कविता येतेय. त्या मनापासून हसल्या. पहिल्याच दिवशी हसणारं माणूस भेटलं की निम्मी नोकरी जमलीच म्हणायची.

ह्या वयात नोकरी लावून दिली ती भाच्याने. उभा जन्म शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात गेला. एक वेलांटी चुकली तरी मला रात्रभर टोचायची. भाचा म्हणाला, मामा, तिथे असाच डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस हवाय. कंपनीने ह्याच इमारतीत वरची खोली राहायला दिली आहे. पलंग, टेबल, खिडकी. खिडकीसमोर शिंप्याचं दुकान. त्याने वर बघून हात केला, मीही केला. बोलायला माणूस मिळालं.

संध्याकाळी मनगटावरच्या घड्याळाला चावी दिली आणि लेकीला फोन लावला. ती पार समुद्रापलीकडे. म्हणाली, बाबा, महिन्याच्या शेवटच्या रविवारी येते, नक्की. हा ‘नक्की’ ती फार जपून वापरते. बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काम समजून घेतलं. विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो.

हॉलमधल्या एकेका मोठ्या यंत्रात पुष्कळ लहान यंत्रं राहतात. ती मोठ्याच्या पोटातच रचलेली. पण प्रत्येकाला वाटतं, हे अख्खं घर आपलंच आणि आपण इथे एकटेच. मोठा तो यजमान, लहान ते पाहुणे. पाहुणा जागा झाला की यजमानाला एकदाच विचारतो, तुझ्याकडे काय काय आहे? यजमान सांगेल तेवढंच त्याचं जग. पूर्वी काय सांगायचं ते यजमानाचा गाभा, म्हणजे त्याचा मेंदूच, आपल्या मनाने ठरवायचा. आता नव्या व्यवस्थेत तो अधिकार गाभ्यातून बाहेर काढून पडद्यासमोर बसणाऱ्याच्या हाती दिलाय. म्हणजे माझ्या. प्रत्येक पाहुण्यापुढे चौकटी आहेत. चौकटीत खूण असली तर ती सोय त्याला दिसते, नसली तर दिसत नाही.

मी विचारलं, लपवलं तर त्याला वाईट नाही का वाटत? बाई म्हणाल्या, काका, जे कधी नव्हतंच त्याचं कुणाला वाईट वाटतं?

एकच गोष्ट सांभाळायची. जागेपणी एखादी सोय हिसकावून घेतली तर पाहुणा सवयीने तिच्यावर भार टाकायला जातो आणि कोसळतो. त्याने आपणहून हात सोडला की मगच खूण काढायची. मग एकदा झोपून उठला की त्याला काही आठवतही नाही. नवीन काही देणं मात्र सोपं. दिलेलं कुणाला जड होत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पाहुण्यांना नुसते आकडे आहेत. मला ते बघवेना. लहानपणी वर्गात पोरांना ठेवायचो तशी नावं ठेवली. उत्तर द्यायला युगं लावतो तो लांब्या. एक चुळबुळ्या. सगळ्यांवर लक्ष ठेवते ती आक्का. आणि एक म्हातारा. त्याला काम जवळजवळ नाहीच. बसल्या बसल्या यजमानाला वेळ विचारत राहतो. शेवटच्या तासाला बसलेल्या पोरासारखा. माझा तो लाडका.

प्रत्येक पाहुण्याचा बाहेर कुणी मालक असतो; आज म्हाताऱ्याच्या मालकिणीकडून विनंती आली, त्याचं घड्याळ काढा. बाई सांगत होत्या, ती फार लांब राहते, पण ह्या एका पाहुण्यात तिचा जीव अडकलाय. तो सारखा वेळ विचारून दमतो म्हणे. मला पटलं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. एकदा तो विचारायचा थांबला, तेव्हा अलगद खूण काढली. झोपलेल्या माणसाच्या नाकावरून चष्मा काढून घ्यावा तशी. बाई म्हणाल्या, तुमचा हात हळुवार आहे.

सोमवार, बहुतेक

लेक येणार म्हणून शिंप्याकडे कोट टाकला. खिडकीत कविता पुटपुटतो म्हणून तो मला कवीच म्हणतो. माप घेता घेता म्हणाला, काय कवी, घड्याळ विकून खाल्लंत वाटतं? मी म्हटलं, कसलं घड्याळ? मी जन्मात घड्याळ वापरलं नाही. त्याने टेप गळ्यात टाकली आणि माझ्याकडे बघत राहिला. मग माझं मनगट उजेडात धरलं. मनगटावर पट्ट्याएवढी कातडी पांढरी पडली आहे. सगळा हात उन्हाने रापलेला आणि तेवढीच पांढरी.

काही तरी लागलं असेल. ह्या वयात कातडीचा काय भरवसा.

ह्याच आठवड्यात

म्हाताऱ्यासाठी दुसरी विनंती. यजमानाला फार काम असलं की तो एखाद्या पाहुण्याला थांबवून बाजूला ठेवतो, पुस्तकात बोट घालून पुस्तक मिटावं तसा. पाहुण्याला त्याचा पत्ता नसतो. पण एक सोय असते, ती त्याला मागाहून सांगते की मधला एवढा वेळ तुझा गेला. मालकीण म्हणते, तीही काढा. बाईंनी कारण सांगितलं: तिला त्याच्याकडे बघायला जमत नाही तेव्हा तो दिवसचे दिवस बंद पडून असतो, आणि पुन्हा चालू केला की गेलेला सगळा वेळ मोजत बसतो. तिला ते सोसत नाही.

मलाही सोसलं नसतं. एकटेपण असतंच, ते मोजायला कशाला लावायचं? काढली खूण. तो पडला नाही. बाई म्हणाल्या, बघा, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

शनिवार असावा

शिंप्याने कोट आणून दिला. मी म्हटलं, अहो, माप तर आत्ताच घेतलंत. तो हसला नाही. म्हणाला, कवी, रोज खालून हात करतो मी तुम्हाला. खिडकीत बसलेले असता, पण भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखे. आजारी आहात का? घरचं कुणी आहे का?

आहे ना. लेक आहे.

टेबलावरच्या चहावर धूळ बसली होती. मी तो आत्ताच ओतला होता. गालावर हात फिरवला तर दाढी बोटांत येते आहे. खिडकीबाहेरचं झाड कालपर्यंत हिरवंगार होतं, आज काटक्या. मला मधलं काहीच रिकामं वाटत नाही. सगळं एकाला एक लागून आहे, ओळीखाली ओळ. पण मुद्रितं तपासणारा माणूस मी, मधलं पान गळलं की पुस्तकाची जाडी हाताला कळते.

शाळेतली माझी सर्वांत आवडती कविता म्हणायला घेतली. तिसऱ्या कडव्यापर्यंत ठीक. मग आठवेना. पूर्वी असं झालं की मी दुसऱ्या कामाला लागायचो आणि ओळ आपली आपण परत यायची. आज वाट बघत बसलो. नाही आली.

फोन

लेकीचा फोन. आवाज जड होता. विचारलं, बाळ, महिन्याचा शेवटचा रविवार होऊन गेला का गं? तिने आधी जेवलात का ते विचारलं. मग म्हणाली, नाही बाबा, अजून नाही.

तिला खोटं कधी बोलता यायचं नाही. अजूनही येत नाही.

हॉलमधून आल्यावर

तिसरी विनंती. म्हाताऱ्याची हाक काढा.

पाहुण्याला डुलकी लागली तर त्याला जागं करायला बाहेरून एक हाक येते. ती त्याला ऐकू येऊ नये म्हणे. मी कारण विचारलं. बाईंनी आधी हॉलचं दार लोटलं. मग सांगितलं, की मालकिणीचे वडील ते. रविवार आला की दाढी करतात, नवा कोट घालतात, खिडकीत बसतात आणि विचारतात, कधी येणार? तिला यायला जमणार नाही, काका. आता नाही आणि पुढेही नाही. फोन करते, तेव्हा ते त्या आवाजावर पुन्हा आठवडा काढतात. तो फोन म्हणजेच ही हाक, म्हणून तिला ती नको आहे. वाट बघणंच राहणार नाही. शांत राहतील.

मी विचारलं, यंत्र कोट कसा घालेल?

बाईंनी पुढे होऊन माझ्या नव्या कोटाची कॉलर सारखी केली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. वाईट नाहीत हो त्या.

म्हणाल्या, बाहेरून कुणी ओढून घेतलं तर ते पडतील. त्यांनी स्वतःच्या हाताने सोडलं तरच उभे राहतात. म्हणून तर तुम्हाला ह्या खुर्चीत बसवलं, काका.

म्हणजे तो म्हातारा मीच. दोन्ही वेळा खूण काढली तीही मीच, ह्याच बोटाने. त्याची कीव करत.

तिच्या फोनचं बटण बंद करायला मला सांगतायत. माझ्याच लेकीचं. मी नाही म्हटलं. खुर्ची मागे ढकलली आणि वर आलो.

तोच दिवस— किंवा नाही

कडी लावली आहे. झोपायचं नाही. झोपून उठलं की काढलेलं आठवत नाही. घड्याळ होतं माझ्याकडे. कसलं होतं, कुणी दिलं, आठवत नाही, पण पांढरा पट्टा आहे. तेवढ्यावरून कळतं, होतं. तिचा असा नुसता पांढरा पट्टा राहायला नको.

म्हणून तिला लिहून काढतो. उंच. माझ्यासारखं नाक. कानामागे केस पांढरे झालेत, रंगवत नाही. वाचायला चष्मा लागतो आणि तो डोक्यावर ठेवून घरभर शोधते. खोकल्यासारखं हसते. आईच्या शेवटच्या आजारपणात सगळं तिने एकटीने केलं आणि मला म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते बसा तिच्यापाशी.

अशी आहे ती. अशी मोठी झालेली. मला हीच हवी आहे. आली नाही तरी चालेल, मला वाट बघू द्या तिची. ती तेवढी राहू दे

—

शिंपी खालून हात करतो आहे. ओठ हलतात. अजून ऐकू येतं का ते बघायला खिडकी उघडली. येतं. कवी, कवी, म्हणतो आहे. येतं अजून. मी काही सोडलेलं नाही

—

पापण्या जड. उभा राहून लिहितो. भिंतीला टेकायचं नाही. बाईंनी दाराबाहेरून हळूच सांगितलं, की जबरदस्ती कुणी करणार नाही. मालकिणीने दुसरं काही सुचवलंय म्हणे. काढायचं नाही काही. द्यायचं आहे. आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या

—

दारावर थाप. बाईंची नाही. खाली, कडीच्या बऱ्याच खाली.

कोण म्हणून विचारलं. बाबा, दार उघडा ना, म्हणते. आवाज—

उघडलं.

दोन वेण्या. एका वेणीची रिबीन सुटलेली, अनवाणी. माझ्या कमरेलाही न लागणारी. किती वेळ झाला, मी आले ना, म्हणते. नाक माझं. तिचंच— पण तिच्या कानामागे केस पांढरे आहेत, मी आत्ताच वर लिहिलंय, आत्ताच— हिचे काळे, नुकतं तेल लावलेले—

ही नव्हे. ही कधीच मोठी होऊन गेली. तिला आत घ्यायचं नाही

आली. पलंगावर चढून बसली आहे. उशी थोपटते. बाबा, किती दमलात, थोडं पडा, मी कुठे जाणार नाही म्हणते. ही कधीच जाणार नाही. तेच तर, मग त्या मोठीची वाट कोण बघेल. आजवर सगळं काढून घेत होते, हे पहिल्यांदाच काही दिलं आणि मला ते

हात धरला. गरम आहे. इतका लहान हात. पेन ठेवा म्हणते. मोठी लेक, चष्मा डोक्यावर, खोकल्यासारखं हसते, उंच, तिचं नाव— वाट बघ बाळ, मी जागा आहे, अजून मी जागा आहे, फक्त एवढा हात ठेवतो हिच्या केसांवर आणि