आरशातली लढाई

मी चिंधूजी संपत भोयर, धंदा कंदील-स्टोव्ह दुरुस्ती व टिनकाम, राहणार सदर बाजार, नागपूर, वय सत्तरीच्या आसपास, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती दुखते, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दाबाखाली किंवा नशेत लिहीत नाही. राग आहे, पण तो जुना आहे. अक्षर वाकडे दिसते ते वयामुळे. शिक्षण मराठी दुसरीपर्यंत झाले, पुढे का झाले नाही ते खाली येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

१. घर. सदरमधले दोन खोल्यांचे कौलारू घर व पुढचे दुकान मी माझ्या कमाईतून घेतले, वडिलोपार्जित नाही. बापाने मला जे दिले ते घरात नसून माझ्या डाव्या हातात आहे. हे घर मी माझी नात शामला हिला देतो. ती सज्ञान होईपर्यंत तिची आई, म्हणजे माझी सून देवकी, हिने सांभाळावे. माझा मुलगा वामन याने तेथे खुशाल राहावे, पण शामला डावरी आहे म्हणून तिच्या हाताला इजा करू नये. हात बांधला, चटका दिला किंवा मारले, तर त्याच दिवशी त्याचा राहण्याचा हक्क संपला. देवकी सांगेल तोच पुरावा. अशी अट चालते का, हे मी वकिलांना विचारले. चालते म्हणाले. बाहेर येऊन चप्पल घातली, परत आत जाऊन विचारले. तेव्हाही चालते म्हणाले.

वामन कारण विचारील, म्हणून लिहितो.

गेल्या पोळ्याला शामला डाव्या हाताने पुरणपोळी खात होती. वामनने खलातला लोखंडी बत्ता उचलला. "डावरी पोरगी कोन पदरात घेईन, बाबा? तुमाले तुमच्या बापानं ठोकलं, म्हनूनच तुमी सुधारले ना?" देवकी मध्ये पडली, घाव तिच्या कोपरावर बसला. पोरीने ताट सोडून हात पाठीमागे लपवला. अजून ती जेवताना आधी बापाकडे पाहते.

तो बत्ता माझ्या ओळखीचा आहे.

माझा बाप संपत शिपाई होता. काबुलकडच्या लढाईतून तो परत आला तेव्हा मी दुसरीत होतो, पाटीवर लिहीत असे. एके दिवशी त्याने मला डाव्या हाताने लिहिताना पाहिले. त्याने पाटी नीट बाजूला ठेवली, माझा हात उंबरठ्यावर ओढला, मनगटावर गुडघा दिला आणि अंगठ्यावर बत्ता मारला. माझी आई रुखमाबाई त्याचे केस धरून ओरडत होती, "पोराचा हात हाये थो, मिरची नोहे!" त्याने तिला कोपराने भिंतीवर फेकले आणि पुन्हा मारले. हाड कातडीबाहेर आले तरी थांबला नाही. मारताना तो रडत होता आणि "फेक! फेक ते!" म्हणत होता. माझ्या हातात फक्त लेखणी होती, ती केव्हाच पडली होती. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही. घरात फटाका वाजला, भांडे पडले, तरी आईचा गळा त्याच्या मुठीत असे. आईचे दोन दात तसेच गेले.

आता सिनेमाचे. बाजारात मला विचारतात, "चिंधूजी, घरात एवढी मारामारी पाहिली, तरी लढाईचा खेळ काहून सोडत नाही?" मला बाप कोठे जाऊन आला ते पाहायचे होते. विचारले की लाथ मिळे, आणि प्लेगच्या साली तो न सांगताच मेला. नंतर मैदानावर तंबूत जर्मन लढाईचा मुका सिनेमा आला. तंबूचे गळके गॅसदिवे मी कथलाची झाळ देऊन बुजवत असे, म्हणून मला पडद्यामागे बसू देत. पडद्यावर पाणी मारलेले असे, त्यामुळे चित्र मागूनही दिसे, पण उजव्याचे डावे होऊन. बापाच्या पलटणीतले रामाजी पेन्शनर एकदा माझ्यासोबत होते. शिपाई संगिनी लावून धावले. मागून पाहिल्यामुळे ते सगळेच डावरे दिसत होते. रामाजी एकदम उभे राहून ओरडले, "संपत, हात बदल! हात बदल गा!"

लोक हसले. मी त्यांना बाहेर नेले. पाण्याचा घोट घेऊन ते म्हणाले, "तुहा बाप डावरा होता. हवालदारानं फोक मारमारून त्याले उजवा केला. पन खिंडीत पठान अंगावर आले आन् हात आपल्या जागी गेला. समदे एका बाजूनं भोसकून राहिले, हा दुसऱ्या बाजूनं. संगीन भैयाजीच्या पोटात."

"कोन भैयाजी?"

"उमरेडच्या कोष्ट्याचा पोरगा. दोघं एका ताटात जेवत. थो बंदुकीची नळी धरून म्हने, 'मी आहो, संपत, मी आहो.' संगीन निघेना. तुह्या बापानं त्याच्या छातीवर पाय देल्ला, तवा निघाली."

"मंग?"

"मंग काय? पलटणीच्या कागदात भैयाजी पठानाच्या नावावर गेला."

त्या दिवसापासून मी लढाईचा एकही खेळ सोडला नाही. बोलपट आले आणि पडद्यामागची जागा गेली. समोरून सगळे शिपाई उजवे दिसतात, त्यांच्यात माझा बाप नसतो. म्हणून मी दाढीचा आरसा नेतो, पडद्याकडे पाठ करून बसतो आणि आरशात लढाई पाहतो. दारावरचा ओमप्रकाश म्हणतो, "काका, लढाई मागं चालू आहे, तुमी दाढी काहून करून राहिले?" वामनला याची लाज वाटते. दुश्मन किती मेले याच्याशी मला कर्तव्य नाही. डावऱ्याच्या शेजारचा माणूस वाचतो का, तेवढे मी पाहतो. कधी वाचतो. पडला तर मला रात्री जेवण जात नाही, तरी पुढच्या खेळाला जातोच. बापाला मी माफ केलेले नाही. उंबरठ्यावर तो कोणाचा हात ठेचत होता, एवढे मात्र समजले.

२. झाळ देण्याचे लोखंड, कातऱ्या, ऐरण व दुकानातला सर्व माल वामनला. तो हाताचा चांगला आहे, हे त्याला मी कधी सांगितले नाही. मोठी कातरी शेजारचे मनोहरराव यांनी नेली ती परत केली नाही. ते या कागदावर साक्षीदार आहेत, त्यामुळे वाचतीलच.

३. पोस्टातले पैसे देवकीला. तिने मला कधी वेडा म्हटले नाही. फक्त एवढे म्हणाली, "मामाजी, आरसा फुटला तर हातात घुसंन, फडक्यात बांधून न्या."

४. तो आरसा वामनला. त्यासाठी सिनेमाला जायची गरज नाही. पोरीवर चिडशील तेव्हा आधी त्यात स्वतःचे तोंड पाहा. कोण दिसतो ते तुझे तूच ओळख.

५. बत्ता ओमप्रकाशने अंबाझरीच्या तलावात खोल पाण्यात टाकावा. टाकला की नाही ते देवकीने काठावर उभे राहून पाहावे. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून ओमप्रकाशच्या नावे काही नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये.

६. सही मी उजव्या हाताने करतो. पण वामनला माझी सही लहानपणापासून हुबेहूब येते, आणि ती काळजी मला झोपू देत नाही. म्हणून शेजारी डावा अंगठाही उठवतो. अडाणी पुरुषाचा डावा अंगठाच सरकारात चालतो, त्याला कोणी अशुभ म्हणत नाही. हाड मोडल्यामुळे माझा ठसा अर्धाच उमटतो आणि मधून आडवी कोरी रेघ जाते. असा अंगठा नागपुरात दुसऱ्या कोणाचा नसेल. या घरात दुसरा होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा कागद.

सही: चिंधूजी संपत भोयर
डाव्या हाताचा अंगठा, त्याच इसमाचा

आमच्यासमोर सही केली व अंगठा उठवला:
१. मनोहरराव ठवकर, शेजारी. (कातरी आजच परत केली.)
२. ओमप्रकाश तिवारी, सिनेमाचा दरवान. (वाईट वाटले नाही.)

मुक्काम नागपूर, मध्यप्रांत
तारीख ९ नोव्हेंबर १९४३