तिसरीच्या खोलीतली भेग

२ डिसेंबर २०२४, सोमवार
वर्गात परिपाठ चालू असताना जमिनीतून पुन्हा भूकंपाची गुरगुर. लेकरं न सांगताच मैदानात पळाली. सवय झालीय त्यांना! माझ्या तिसरीच्या खोलीतली भेग मागच्या पेन्सिलच्या खुणेपेक्षा दोन बोटं वर सरकलीय. नवी खूण केली, तारीख टाकली. फोनवर एका इंजिनिअरनं सांगितल्याप्रमाणे भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं बसवली — भिंत हलली की ती तडकते म्हणे.

१३ डिसेंबर
काच तडकली.

६ जानेवारी २०२५, सोमवार
इमारत तपासायला साहेब परवा येणार. म्हणून हेडमास्तर रामकिशन सरांनी काल गवंडी लावून भेग लिंपून घेतली, वर रंग दिला! काच उखडून फेकली. चौदा महिन्यांच्या खुणा गेल्या. "मॅडम, साहेब येऊन राहिले, शाळा चांगली दिसाय नको का?" माणूस वाईट नाही. पाहुणे येणार म्हणून घर सारवतात, तसं केलं त्यांनी. पण मला दिवसभर त्यांचं तोंड बघवेना.

८ जानेवारी
शाल, नारळ, चहा. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला. मी वही दाखवली, फोनमधले फोटो दाखवले. "भिंतीवर तर काहीच नाही मॅडम, मी लिहू काय?" — आणि 'वापरास योग्य' लिहून गेले. शाळेमागं जाऊन रडले.

९ जानेवारी
तांड्यावरून माझ्या वर्गातल्या दिपाची आई शकुंतलाबाई आली. "मॅडम, पोरीला पाठवू का न्हाई? त्या साहेबाचं न्हाई, तुमी म्हनताल तसं करते."
काय सांगणार? दुसरी खोली नाही. बाहेर वर्ग भरवायला हेडमास्तरांची परवानगी नाही. "पाठवा," म्हणाले. स्वतःची लाज वाटली.
मग एवढं केलं — बावीसही लेकरं भेगेच्या भिंतीपासून उठवून समोरच्या भिंतीशी बसवली, तिच्यावर भिंतभर टांगलेल्या तक्त्यांखाली. "हिला टेकून बसा, ही भक्कम आहे," म्हटलं.

१४ जानेवारी
संक्रांतीची सुट्टी. तिळगूळ केलाच नाही. कशातच मन लागत नाही. घरचे म्हणतात, बदली माग. मी गेले तर त्या भिंतीकडे बघणार कोण?

१९ जानेवारी, रविवार
सकाळी साडेसातला मोठा धक्का. धावत शाळेत गेले. लिंपलेली भिंत जशीच्या तशी उभी आहे. समोरची पडलीय. तक्त्यांमागं मी एकदाही पाहिलं नव्हतं. शकुंतलाबाई विटांकडे बघत उभी होती. "आज रविवार हाय म्हनून," एवढंच बोलली.