काळ्या बियरचं विरजण

ता. ३ मार्च

चि. बारकीस मामाचे भरघोस आशीर्वाद, आणि तुझ्या तान्ह्या बोळक्याला दाढी न टोचता एक पापा.

तुझं पत्र नाही, म्हणजे बियरच्या कारखान्यातलं काम अंगवळणी पडलं असं धरून चालतो. माझं तेच. सहा दिवस दुकानात लोकांचे चष्मे घासायचे आणि रविवारी नव्या बियरच्या शोधात पायपीट. मामी म्हणते, मुलगी बघायलाही एवढे फिरला नव्हतात.

आमच्या चाळीस रसिकांच्या पत्रकासाठी यंदाही ‘शोधून प्याव्यात अशा’ बियरची यादी केली. जुन्या पुलाखालची गव्हाची, ढगाळ, पिकल्या केळ्याच्या वासाची. दोघी बहिणी मोड आलेलं जव, म्हणजे माल्ट, धुरावर वाळवून करतात ती; पहिल्या घोटाला विझलेली शेकोटी वाटते, तिसऱ्या घोटाला ग्लास सोडवत नाही. तळघरातल्या मास्तरांची आंबट, डोळे मिटायला लावणारी. आणि गेली नऊ वर्षं पहिला नंबर तुझ्या कारखान्यात बियर करणाऱ्या मिस्तरींच्या काळीचा. कडक भाजलेल्या कॉफीसारखी सुरू होते आणि शेवटी जिभेवर मनुका ठेवून जाते.

ठेवून जायची, असं लिहायला हवं. गेल्या रविवारी येऊन प्यालो. रंग तोच, फेस तोच, मनुका गायब. मिस्तरी समोरच उभे होते, मी काही बोललो नाही. घरी येऊन यादीतून काळीचं नाव काढलं आणि खाली एक ओळ टाकली की मिस्तरींचा हात गेला. पत्रक छापायला गेलंय. पण मनाला लागून राहिलंय. ते आजारी आहेत का? तुला तिथे मीच चिकटवलं, म्हणून तुलाच विचारतो.

लोभ माझ्याकडून आहेच, तुझ्याकडून चार ओळी येऊ देत.

मामा

ता. ९ मार्च

ती. मामांना शि. सा. नमस्कार. आम्ही खुशाल आहोत असं लिहिलं होतं, ते खोडलं. खुशाल नाही.

मामा, मिस्तरींचा हात गेला नाही. मी घालवला.

जानेवारीत ते बहिणीच्या ऑपरेशनसाठी चार दिवस गेले होते. जाताना मला फ्रिज पुसून ठेव म्हणाले. बोळकं तेव्हा नुकतंच दवाखान्यातून घरी आलेलं. जुलाबांनी नुसती कातडी राहिली होती. नर्सबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती की बाटल्या नीट न उकळल्यामुळे झालं, आणि म्हणे ही आई. तेव्हापासून घाणीची धास्ती बसलीय. दिसेल ते उकळते.

फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात एक बरणी होती. आत राखाडी लगदा, वर फेस, झाकण फुगलेलं. आंबट वास आला. मला वाटलं नासलंय, कुणाच्या तरी पोटात जाईल. मोरीत ओतलं. बरणी वीस मिनिटं उकळली. मनात म्हटलं, बरं काम झालं.

संध्याकाळी पिंपं धुणाऱ्या काकू बोलता बोलता म्हणाल्या की त्या बरणीत काळीचं विरजण असतं. मिस्तरींना त्यांच्या गुरूंनी दिलेलं. दह्याचं ठेवतात तसं दर खेपेला थोडं मागे ठेवतात, चोवीस वर्षं झाली. बाकीच्या बियरला पुडीतलं यीस्ट चालतं, काळीला नाही.

पुढचं मी ह्यांनाही कळवलेलं नाही. हे बोटीवर, अजून पाच महिने यायचे नाहीत. मी पुडी फोडली, कोमट पाण्यात कालवली, थोडं पीठ घातलं, बरणीत भरून जागेवर ठेवली. रंग जुळला, मामा. जुळला नसता तर बरं झालं असतं. मिस्तरी आले, त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाले सर्दी झालीय वाटतं.

आता सात आठवडे झाले. त्यांना वाटतं आपली जीभ गेली. काकूंना विचारतात भाजीत मीठ बरोबर आहे का. बियर चाखणं सोडलं. परवा मालकांना सांगितलं की महिनाअखेर दुसरा माणूस बघा. आणि माझं बोळकं खोकतं म्हणून ह्याच माणसाने आम्हाला बॉयलरच्या वरची उबदार खोली दिली. खरं बोलले तर काम जाईल, खोली जाईल, पोराला घेऊन मी कुठे जाऊ. रोज तोंड उघडते आणि फडकं कुठे ठेवू ते विचारते.

तुम्ही सांगाल का त्यांना? माझं नाव न घेता जमेल का बघा.

लोभ मागायची लाज वाटते, तरी असू द्या.

बारकी

ता. १४ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद. ह्या वेळी थट्टा नाही.

नाव न घेता जमणार नाही, आणि नाव घेऊन मी सांगणार नाही. ते तुझंच काम. माझं मीही भोगतोय. पत्रकं छापून आली, वाटलीही गेली. चाळीस घरांत माझ्या सहीने लिहिलंय की त्यांचा हात गेला. तीस वर्षं जिभेचा तोरा मिरवला. जिभेने मनुका गेल्या ते ओळखलं, पण समोरच्या माणसाला एक शब्द विचारावा हे मला सुचलं नाही. मी त्यांना वेगळं पत्र लिहितोय, पण तुझ्या आधी ते पोचू नये म्हणून चार दिवस थांबतो.

एक गोष्ट आहे. त्या धुरावाल्या दोघी बहिणींनी अकरा वर्षांपूर्वी मिस्तरींकडूनच वाटीभर विरजण नेलं होतं. थोरलीने मला स्वतः सांगितलंय. त्या परत देतील, पण मिस्तरींनी मागितलं तरच. आणि काय गेलं ते कळल्याशिवाय ते मागणार कसे?

खोली गेली तर दुकानामागची पेट्यांची खोली रिकामी करून ठेवतो. मामीने तिथले पडदे काढून धुवायलाही घेतले.

लोभ जातो कुठे, वेडे.

मामा

ता. २४ मार्च

ती. मामांना शि. सा. नमस्कार. बोळकं बरं आहे, ते आधी लिहिते.

सतरा तारखेला सकाळी सांगितलं. आधी बोळक्याला कडेवर घेऊन निघाले होते. अर्ध्या जिन्यात माझं मलाच कळलं की ओरडू नयेत म्हणून मी पोराला पुढे करतेय. परत फिरले, त्याला काकूंकडे दिलं आणि एकटी गेले.

मिस्तरी नळी धूत होते. सगळं ऐकलं. पीठ किती घातलं ते विचारलं, मी म्हटलं दोन चमचे. तारीख विचारली. मग बोटांवर आठवडे मोजले आणि खाली बसले. ओरडले नाहीत. म्हणाले की बरणीचं काही नाही, तू बाळाच्या भीतीने ओतलीस, ते समजतं. पण दोन महिने मी म्हातारा झालो म्हणून फिरत होतो आणि तू समोर उभी राहून बघत होतीस. त्याला मी काय म्हणू, ते तूच सांग म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन बहिणींकडून विरजण आणलं. त्याला आता धुराची सवय लागलीय, काळी पुन्हा तशी होईल का माहीत नाही म्हणाले. मालकांना त्यांनी एवढंच सांगितलं की दुसरा माणूस नको. माझं नाव घेतलं नाही. खोलीतून जा म्हणाले नाहीत. पण फ्रिजला कुलूप आलं आणि किल्ली काकूंकडे असते. मी आता फक्त फरशी पुसते. तुमचं पत्र त्यांना मिळालं. वाचून खिशात ठेवलं.

काल मी फरशी पुसत असताना त्यांनी आमच्याकडच्या गव्हाच्या बियरचा ग्लास भरला. मी खाली मान घालून होते. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, कुणालाही न विचारता वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसरा घोट घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. मी फडकं पिळत राहिले.

मामींना सांगा पडदे परत लावा. आणि माझ्यावरचा लोभ एकदम नको, थोडा थोडा असू द्या.

तुमची बारकी