ठिपक्याचं दूध

ता. ४, दुपार

चि. भिंगरीस आजीचे पदर भरून आशीर्वाद. वि. वि.

मी पणजी झाले गं! अकरा दिवस झाले. तुझ्या दादाने कळवलंच असेल, पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं लोक भराभर बोलतात, म्हणून हे पत्र. शाळा चौथीपर्यंतची, अक्षर कोंबडीच्या पायांचं, सांभाळून घे.

पोराने सात आठवड्यांची घाई केली. दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. एवढंसं आहे, म्हणून मी त्याला ठिपका म्हणते. नातसून म्हणाली, मोठा झाला की या नावावरून भांडेल तुमच्याशी. म्हटलं, भांडू दे की. भांडण्याइतका मोठा तरी होऊ दे.

तिसऱ्याच दिवशी त्याचं पोट फुगून टणक झालं. आतड्याला सूज आहे म्हणे. दोन दिवस दूध बंद होतं, आता नळीतून थेंब थेंब देतात. सूज वाढली तर पोट उघडावं लागेल, असं डॉक्टरीणबाई तुझ्या दादाला बाजूला घेऊन म्हणाल्या. जे माझ्यासाठी नसतं ते मला नेमकं ऐकू येतं बघ.

पाचव्या दिवशी नातसून घरी आली. ती पहाटे यंत्राने दूध काढते, बाटली ओट्यावर ठेवते आणि तिचा डोळा लागतो. तुझा दादा कामावर जाताना सायकलवरून ती पोहोचवतो. मधल्या वेळात मी ते दूध छान तीनदा वर येईपर्यंत तापवून देते. घरात आलेलं दूध आधी गॅसवर, मग बाकी जग, हे काय कुणी सांगायला हवं? आहे किती, चार चमचे. वाटीशी डोळ्याला डोळा लावून बसावं लागतं. खिडकीतून ऊन येतं, वाफ वर चढते आणि मला त्या वाफेत ठिपका रांगताना दिसतो. मी गुंगतेच.

तू म्हणे दुधाचंच शिकतेस. उंदरांना दूध पाजतेस की उंदीर तुला? असो. शहाण्यासारखी वेळेवर जेव आणि म्हातारीवर माया ठेव.

तुझी आजी


ता. ८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रयोगशाळेतल्या फ्रिजला टेकून वाचलं. आधी खूप हसले. मग ‘तीनदा’वर थांबले आणि पत्र हातात असतानाच दादाला फोन लावला. सांगितलं, बाटली वहिनीच्या हातातून थेट बर्फाच्या पिशवीत जाऊ दे, मध्ये कुठेही थांबू नको. का, ते बोलले नाही. ते सांगायचं की नाही, तुझं तू ठरव.

आईच्या दुधात, पहिल्या दिवसांत तर फारच, लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं. वाईट जंतूंना वाढायला लोह लागतं. हे प्रथिन ते लोह आधीच पकडून बसतं, जंतू उपाशी राहतात. आतड्याच्या अस्तरात शरीराचे पहारेकरीही असतात. ते घाबरले की आपल्याच घराला आग लावतात, सूज म्हणजे तीच. लॅक्टोफेरिन त्यांना शांत व्हायला मदत करतं. लोह धरलेलं असलं की ते गुलाबी दिसतं. मी नळी उजेडात धरून कितीदा नुसती बघत राहते.

पण उकळलं की त्याची घडी विस्कटते, मग त्याला काही धरता येत नाही. मला हे पाठ आहे, कारण गेल्या वर्षी नळ्यांभोवतीचं पाणी जास्त गरम ठेवून मी आठवड्याचं काम असंच मातीत घातलं. आपण दोघी एकाच माळेचे मणी!

सूज आली तेव्हा वहिनी दवाखान्यातच होती, म्हणजे ती तुझ्या वाटीमुळे आली नाही. फक्त मदतीला निघालेला गडी वाटेत अडला. तो एकटा सगळं बरं करेल असंही नाही, डॉक्टरीणबाईंची औषधं हवीतच. रागावू नकोस, आणि मला पूर्वीसारखीच आपली म्हण.

तुझी भिंगरी


ता. १५, सकाळ

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद, या वेळी जरा ओशाळलेले. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तशीच खुर्चीत बसले तर भर दुपारी डोळा लागला. स्वप्नात ठिपक्याच्या आतड्यातून चालत होते. मऊ, गुलाबी, लांबच लांब गल्ली, आणि गडी माणसं वाकून रस्त्यावरचे खिळे वेचतायत. मला बघून एकाने पायाखालची जागाही झाडून दिली. जागी झाले ती रडतच.

तू झाकलंस, पण माझ्याच्याने झाकवेना. नातसुनेच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. तिने एवढंच विचारलं, की रोजचं? म्हटलं, रोजचं. बाई गं, ती भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस बाटली दादाच्याच हातात द्यायची आणि माझ्याकडे पाठ करून आत जायची. त्यापेक्षा चार शब्द फेकून मारले असते तर बरं वाटलं असतं.

काल पहाटे माझ्या दारात उभी. हातात बाटली. म्हणाली, आज तुम्ही न्या, आजी, पण नर्सबाईंच्या हातात देईपर्यंत कुठे खाली ठेवायची नाही. मी म्हटलं, मेले तरी ठेवणार नाही. तर म्हणते, मेलात तर मात्र आधी कुणाच्या तरी हातात द्या. आणि हसली गं! मलाही हसू फुटलं.

दादाने रिक्षा करून दिली. बर्फाने बोटं बधिर झाली, पण सोडली नाही पिशवी. साठ वर्षांत कच्चं दूध पुढे केलं नाही कुणाच्या. नर्सबाईंनी नळीत ओतलं आणि ते माझ्यादेखत उतरलं, एकेक थेंब, ऊन पडल्यासारखं हळू. नंतर डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, कापायची गोष्ट आता मागे पडली, औषधही लागू झालंय. मग माझे हात धुववले, कोरडे केले आणि पेटीची खिडकी उघडून म्हणाल्या, एक बोट लावा.

लावलं. भिंगरे, पोट मऊ आहे.

आता जाते, नातसून हाका मारतेय. तुझ्या उंदरांना खुशाली सांग.

तुझीच आजी