सहा बल्बांची माळ

दापोडे, ता. भिवंडी
डिसेंबर १९७३

तीर्थस्वरूप केसरीनाथदाजींना काळूरामचा वाकून नमस्कार. आक्काचा गुडघा कसा आहे? तुमचा घसाही आता बरा असेल. (वायरमन माणसाला घसा कशाला लागतो म्हणाल, पण दिवाळीला आमचा नवा मीटर पाहून तुम्ही व्होल्टेजवर जे सुरू झालात, ते आमटी निवली तरी थांबला नाहीत, म्हणून विचारतो.)

घात झाला, दाजी! कमळाला पाहायला मानकोलीची मंडळी आली होती. मुलाची दिवसपाळी, म्हणून संध्याकाळी बोलावलं. म्हटलं, घरात वीज आलीय तर अंगण उजळू दे. सहा बल्ब आणले आणि एकातून निघालेली तार दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात, अशी झेंडूच्या माळेसारखी ओवली. (ही अक्कल कमळाची. म्हणाली, असंच छान दिसेल.) बटण दाबलं, तर सहाही नुसते लालसर, विझत्या विडीएवढे. मी पाहुण्यांना ठणकावून सांगितलं की भिवंडीचे लूम सगळी वीज ओढून घेतात. मग वाटलं, एखादा बिघडला असेल. एक काढून बघतो तर सगळेच गुल! त्या काळोखात कमळाच्या हातचा चहा थेट मुलाच्या मामाच्या धोतरावर. मुलाची आई ठकुबाई कडाडल्या, "पोरीत काय खोट हाय, म्हणून ह्यो काळोख?" जीव तुटला हो माझा. माझ्या पोरीत खोट?

हातापाया पडून त्यांना रविवारी संध्याकाळी पुन्हा बोलावलंय. तुम्ही आधी येऊन बल्ब नीट पेटवून द्या, नाहीतर हे स्थळ गेलंच म्हणून समजा.

तुमचा,
काळूराम

ता. क. पत्र कमळाला वाचून दाखवलं, तर ती हसायलाच लागली. म्हणते, आतोबांनी दिवाळीलाच सांगितलं होतं. विजेचा दाब तेवढाच राहतो, पण बल्ब एकामागे एक जोडले की अडथळा वाढतो आणि प्रवाह रोडावतो. एक काढला की वाटच तुटते. आम्ही घास गिळत होतो आणि ही बया ऐकत होती!

आणखी एक. "मग मुद्दाम तशी माळ करायला लावलीस?" म्हणून ओरडलो, तर रडायला लागली. त्यांना लग्न माघात हवंय आणि हिला मार्चात मॅट्रिकला बसायचंय. मला तोंडाने सांगायची भीती वाटली म्हणे. रागावलो, मग पोरीला जवळ घेतलं. दाजी, रविवारी नक्की या, पण पक्कड आणू नका. ठकुबाईंना नकार सांगायचाय, तो तुम्ही सांगा. मला त्या बाईंची भीती वाटते.