पर्समधली दगडफुलाची पुडी

गुरुवार, संध्याकाळ

आईच्या पद्धतीचा मसाला कुटायला लालबागच्या गिरणीत गेले होते. उद्या दादरच्या दुकानदाराला नमुना द्यायचाय. त्याला पसंत पडला की ऑफिसात राजीनामा. प्रमाण कुणी चोरू नये म्हणून दगडफुलाची पुडी मुद्दाम पर्समध्येच ठेवली. घरी भाजून, कुटून मिसळणार होते. गिरणीतली मावशी सारखी मसाल्याचा वास घेत होती. कशाला एवढा? तिचा भाऊ मसालेच विकतो, मला माहितेय.

निघताना तिने हाक मारली. "दगडफूल इसारलंस काय गो? ह्याच्यात नाय हा."

मी चपापले. "घरी आहे."

"मग घाल आठवणीनं. तुझी आवस कधी इसरायची नाय."

म्हणजे आईचं सगळं प्रमाण मावशीला वर्षानुवर्षं पाठ! आणि तरी तिच्या भावाने आईसारखा मसाला कधी विकला नाही. मग मी लपवत होते कुणापासून?

घरी येऊन दोन तास झाले. पुडी अजून पर्समध्येच. खरं सांगू? ती न घालता नमुना दिला, तर दुकानदार नाही म्हणाला तरी म्हणता येईल, आईचा मसाला त्याने चाखलाच कुठे.

कढई तापत ठेवलीय. पुडीचा दोरा सोडते आता.