कडबा कुट्टीसाठी काढलेला प्लग

आवं,

आत्याबाईंच्या छातीत लय दुखाय लागलंय, म्हणून स्कूटरवरनं कवठ्याला दवाखान्यात घेऊन चाललेय. तुमचा फोन लागत न्हाई.

डिझेल परवडंना म्हणून जीप विकून ही बॅटरीची स्कूटर घेतलीसा. आता पंपाकडं बघायचंच न्हाई, म्हणालासा. आन आज सकाळी कडबा कुट्टीचं मशीन लावायला स्कूटरच्या चार्जरचा प्लग काढलासा, तो परत लावलाच न्हाई. दवाखाना चौदा किलोमीटर हाय, बॅटरी दहाच किलोमीटर जाईल असं दाखवतीया. आत्याबाईंना लुगड्यानं माझ्या पाठीशी बांधून घेतेय. कुणाचीबी पेट्रोलची गाडी मागा आन आमच्या मागनं निघा.

चार्जिंग का न्हाई, असं त्यांनी इचारलं. मीच इसरले, म्हणून सांगितलंय. तुमच्या आईपुढं तुमी गप ऱ्हावा.

माया